शाळेची वार्ता घरोघरी पोहोचावी

(नामपल्ली, हैदराबाद येथे मराठी भाषक पालक व माध्यमिक शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय दिसावयास लहान आहे. आठवी ते बारावीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी एखाद्या दिवशी शाळेत आली नाही, तर ही गोष्ट घरी कधी कळते, कोणाकडून कळते आणि कोणत्या भाषेत कळते? या तीन प्रश्नांपुरतेच मी बोलणार आहे. शाळेच्या इमारती, पाठ्यपुस्तके, परीक्षा यांविषयी आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते व ती व्हावयासही हवी. परंतु शाळा आणि घर यांच्यामध्ये जो निरोपांचा रस्ता आहे, त्याची डागडुजी कोणी करावयाची याचा विचार क्वचितच होतो. हा रस्ता खचला म्हणजे मूल शाळेतून केव्हा निसटले हे शाळेला उमगत नाही आणि घरालाही उमगत नाही.

हा विचार नामपल्लीत मांडणे अनेक अर्थांनी योग्य आहे. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतील माणसाला शिक्षणासाठी, कचेरीच्या कामासाठी, रोजगारासाठी याच शहराची वाट धरावी लागे. नामपल्लीच्या स्थानकावर मुंबई-पुण्याकडून, तसेच विकाराबादमार्गे उदगीर-परळीच्या बाजूने येणारी माणसे उतरत आली. देगलूर, बिलोली, मुखेड या भागांतून आजही कुटुंबे रोजगारासाठी येथे येतात. जांबागेतील विवेक वर्धिनीसारखी संस्था १९०७ साली निघाली ती याच वस्तीची गरज ओळखून. त्या काळी राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि वरच्या शिक्षणाची भाषाही बहुतांशी उर्दूच. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा पुढे शिकू लागला म्हणजे त्याच्या शिक्षणाचा कागद घरात वाचणारा तो एकटाच असे. बाप आपल्या मुलाच्या प्रगतीविषयी मुलालाच विचारी आणि मुलगा सांगेल ते खरे मानी.

ती राजवट गेली, राज्ये बदलली. परंतु कागद वाचणारा घरात एकटा विद्यार्थीच, ही स्थिती पुष्कळ घरांत अद्याप कायम आहे. आता तो कागद इंग्रजीत असतो आणि भ्रमणध्वनीवर येतो, एवढाच फरक.

हजेरीपट कोणाकरिता?

प्रत्येक वर्गात रोज हजेरी घेतली जाते. शाळेत इतक्या नियमाने चालणारे दुसरे काम नाही. मग ही माहिती जाते कोठे? ती वर जाते. वर्गशिक्षकाकडून मुख्याध्यापकाकडे, तेथून तालुक्याला, जिल्ह्याला आणि राज्याला. आपल्याकडील हजेरीपटाची घडण मुळातच अशी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात शाळांना अनुदान देताना परीक्षेचा निकाल पाहत, तशी हजेरीही पाहत. म्हणजे हजेरीपट हा तपासणी करणाऱ्या साहेबांना दाखवण्याचा हिशेब होता. घराला सांगावयाची गोष्ट म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

घराकडे शासनाचा निरोप गेला तो प्रथम दंडाच्या रूपाने. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवण्यात आला. त्या काळात, जेथे शाळेत जाणे हीच नवलाई होती तेथे, हे पाऊल फार मोठे आणि आवश्यक होते. मूल शाळेत नाही ही बाब पालकाच्या दारापर्यंत नेली पाहिजे, हे महाराजांनी ओळखले. ही दृष्टी आपण जपावी. दंडाची जागा मात्र आज वेळेवर दिलेल्या निरोपाने घ्यावी. आजचा पालक मुलाला शाळेत पाठवू इच्छितो. मूल शाळेत पोहोचले की नाही, हे त्याला कळत नाही, ही त्याची अडचण आहे.

कायद्याचा हात जेथे सुटतो

या बाबतीत कायदा काय म्हणतो ते शिक्षकांनी व पालकांनी नीट लक्षात घ्यावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणे आणि त्यांना मुलाच्या उपस्थितीतील नियमितपणा, शिकण्याची क्षमता, शिकण्यातील प्रगती व इतर संबंधित माहिती देणे, हे त्यांपैकी एक कर्तव्य आहे. उपस्थितीचा उल्लेख त्यात सर्वांत आधी येतो, हे विशेष. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात.

परंतु हा कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरता आहे. नववीच्या वर्गात पाऊल टाकले की त्याचे संरक्षण संपते. दुसरीकडे, बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. चौदा ते अठरा वयोगटास केवळ धोक्याच्या कामांची बंदी आहे. याचा अर्थ असा की, ज्या वयात शिक्षणाची सक्ती संपते, नेमक्या त्याच वयात कामाची दारे उघडतात. याच वयात मुलीच्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतात, गणित आणि इंग्रजी अवघड वाटू लागते, आणि हायस्कूल बहुधा दुसऱ्या गावी असल्याने एसटीच्या वेळेवर सारे अवलंबून राहते.

माध्यमिक शाळांसाठी शाळा व्यवस्थापन व विकास समितीची तरतूद आहे, पालक-शिक्षक संघ आहेत. तथापि गैरहजेरीची वार्ता घरी देण्याची जेथे अधिक निकड, तेथेच त्या कर्तव्याची कायदेशीर पकड सैल आहे. म्हणून नववी व दहावीच्या वर्गांत हे काम शाळेने आपण होऊन हाती घेतले पाहिजे.

नामपल्लीने पाहिलेला एप्रिल

माहिती घरापर्यंत नीट न पोहोचण्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे या नामपल्लीने पाहिलेले आहे. तेलंगणच्या इंटरमीजिएट शिक्षण मंडळाचे कार्यालय येथेच आहे. आपल्याकडील अकरावी-बारावीच्या या परीक्षांचा निकाल १८ एप्रिल २०१९ रोजी लागला. नऊ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेस बसले होते; तीन लाखांहून अधिक अनुत्तीर्ण झाले. निकालात चुका असल्याच्या तक्रारी लगेच येऊ लागल्या. परीक्षेस बसलेले काही विद्यार्थी गैरहजर म्हणून दाखवले गेले, अशाही तक्रारी त्यांत होत्या. एका विद्यार्थिनीस तेलुगूत शून्य गुण दाखवले होते. उत्तरपत्रिका पुन्हा पाहिल्यावर ते ९९ निघाले. राज्यभरात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीवन संपवल्याच्या बातम्या आल्या. आईबाप दूरदूरच्या जिल्ह्यांतून येऊन या कार्यालयापुढे उन्हात उभे राहिले. शासनाने तीन सदस्यांची समिती नेमली, अनुत्तीर्णांच्या उत्तरपत्रिकांची विनाशुल्क फेरतपासणी केली.

या प्रकरणात दोष कोणाचा, याची चर्चा त्या वेळी पुरेशी झाली आहे. मी त्यातून एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवतो. हजर असलेले मूल कागदावर गैरहजर ठरले, तर ते चुकीचे आहे असे छातीठोकपणे सांगणारे माणूस घरी असावे लागते. आपले मूल वर्षभर किती दिवस शाळेत गेले, त्याला कोणत्या विषयात किती गुण मिळत आले, हे ज्या आईला दर महिन्याला कळत आले आहे, ती निकालाचा कागद पाहून म्हणेल, “बाळ, हे शक्य नाही. आपण विचारू या.” जिला काहीच कळलेले नाही, तिला कागद म्हणेल तेच मानावे लागते. घराला दिलेली माहिती अशा वेळी मुलाचा आधार होते.

गैरहजेरीचा हिशेब

आता थोडा हिशेब करू. वर्षाचे कामकाजाचे दिवस २२० धरले, तर ७५ टक्के उपस्थिती म्हणजे १६५ दिवस. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या व केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेस बसण्यासाठी ७५ टक्क्यांची अट आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. पुष्कळांची समजूत अशी असते की ५५ दिवस चुकले तरी चालते. परंतु आठवडी बाजाराच्या दिवशी एक दिवस बुडाला, एवढेच धरा. सहा दिवसांच्या आठवड्यात वर्षाला सुमारे ३६ दिवस झाले. महिन्यातून फक्त दोनच दिवस बुडाले, तर दहा महिन्यांत वीस. सहावी ते दहावीच्या पाच वर्षांत शंभर दिवस. म्हणजे जवळजवळ अर्धे वर्ष त्या मुलाने वर्ग पाहिलेलाच नाही. तरीही कोणत्याही एका महिन्यात घरच्या माणसाला असे वाटत नाही की काही बिघडले आहे.

गैरहजेरीचे स्वरूपच असे फसवे आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात याविषयी एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे २८,००० कुटुंबे त्यात होती. आपली मुले किती दिवस गैरहजर राहिली याचा पालकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी असतो, असे त्यात आढळले. मग काही पालकांना टपालाने साधी पत्रे पाठवण्यात आली. ज्या पत्रांत उपस्थितीचे महत्त्व तेवढे सांगितले होते, त्यांचा परिणाम बेताचा झाला. ज्या पत्रांत “आपले मूल या वर्षी आजवर इतके दिवस गैरहजर राहिले” हा आकडा होता, त्यांचा परिणाम अधिक झाला. दीर्घकाळ गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण दहा टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक घटले. आपल्या कामाचा धडा यात आहे. उपदेशापेक्षा आकडा बोलतो. आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, एक पत्रही पुरते.

निरोप कसा असावा

निरोप त्याच दिवशी जावा. पहिल्या तासाला हजेरी झाली की दुपारपूर्वी घरी कळावे. मुलगी घरून निघाली आणि शाळेत पोहोचली नाही, ही गोष्ट महिन्याच्या सभेत सांगण्याची नव्हे. नववीतली मुलगी सलग चार दिवस आली नाही, तर पाचव्या दिवशी कोणीतरी तिच्या घरी जावे. मुलींच्या बाबतीत दहाव्या दिवशी केलेली चौकशी पुष्कळदा लग्नाच्या मांडवात पोहोचते. बालविवाहाची शंका असल्यास १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक शिक्षकांच्या खोलीत ठळकपणे लावलेला असावा.

निरोप घरच्या भाषेत असावा. “आपला पाल्य पूर्वपरवानगीशिवाय अनुपस्थित असल्याचे निदर्शनास आले असून तत्काळ खुलासा सादर करावा” असे लिहिले, तर पालक घाबरतो. “गणेश आज शाळेत आला नाही. तो घरी आहे ना? तब्येत बरी आहे ना? या वर्षी त्याचे चौदा दिवस बुडाले आहेत. उद्या त्याला पाठवा, काही अडचण असेल तर कळवा,” एवढे लिहिले तर पालक उत्तर देतो. या शहरात एकाच वर्गात तेलुगू, उर्दू, मराठी व हिंदी बोलणारी घरे असतात. प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवावे की निरोप कोणत्या भाषेत हवा आणि तो वाचणारे घरी कोणी आहे की नाही. नसेल तर लिहू नये, बोलावे. सीमेवरच्या मदनूर, जुक्कल, देगलूर भागांतील शाळांनाही हीच सूचना लागू पडते.

निरोप योग्य माणसाला पोहोचावा. पुष्कळ घरांत एकच दूरध्वनी असतो आणि तो वडील कामावर घेऊन जातात. आईचा, नाहीतर शेजाऱ्याचा किंवा काकांचा क्रमांक वेगळा टिपून ठेवावा. सहामाहीस ते क्रमांक एकदा पडताळून पाहावेत. एका मुलाच्या गैरहजेरीची वार्ता सर्व पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. ती त्या घराची गोष्ट आहे. फळ्यावर नावे लिहून आणि गटावर नावे टाकून मुले परत येत नाहीत. ती अधिकच दुरावतात.

निरोप चांगल्याही गोष्टीचा असावा. शाळेचा दूरध्वनी आला म्हणजे काहीतरी बिघडले, फी राहिली किंवा मुलाने खोडी काढली, अशी पालकांची धारणा झाली आहे. म्हणून काही जण तो उचलतही नाहीत. मुलीने विज्ञान प्रदर्शनात चांगले काम केले, मुलगा महिनाभर एकही दिवस चुकला नाही, गणिताची चाचणी सोमवारी आहे, शनिवारी शाळा सकाळची आहे, ही वार्तासुद्धा घरी जावी. ज्या दारावर आपण चांगली बातमी घेऊन गेलो, त्या दारावर अडचणीची बातमी घेऊन जाणे सोपे होते.

आणि निरोप देताना कारण विचारावे. गैरहजर राहणारा मुलगा आळशी, असे आपण पटकन ठरवतो. परंतु कोणाची एसटी बंद झालेली असते. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत असते. शाळेत स्वच्छतागृह नीट नसल्याने मुली महिन्यातले ठरावीक दिवस घरी राहतात. कोणी वर्गातील दांडगाईला भिऊन आलेला नसतो. निरोपानंतर घरी मुलाला मार बसला, तर आपले काम बिघडले असे समजावे. पालकांना हे स्पष्ट सांगावे की, मारण्यासाठी कळवलेले नाही, विचारण्यासाठी कळवले आहे.

पालकांचा वाटा

हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालण्याचा आहे. पालकहो, क्रमांक बदलला की शाळेला कळवा. लग्नकार्य, आजारपण, शेतीचे काम यांमुळे मूल येणार नसेल तर आधी दोन शब्द कळवा. ऊसतोडणीसाठी किंवा बांधकामाच्या कामासाठी गाव सोडावे लागत असेल, तर जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटा. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची योजना आहे. ही माहिती आधी मिळाली तर मूल गावी राहून किंवा नव्या ठिकाणी जाऊन शिकू शकते; गाव सोडल्यावर मिळाली तर वर्ष वाया जाते. दिवसभराच्या मजुरीनंतर सभेस येणे जमत नसेल, तर तसे सांगा. सभेची वेळ बदलण्याचा आग्रह धरण्याचा तुम्हाला अधिकार आहे. सकाळी अकरा वाजता बोलावलेल्या सभेस मजुरी करणारी आई आली नाही, याचा अर्थ तिला मुलीची काळजी नाही असा होत नाही.

अधिकाऱ्यांना विनंती

शिक्षक म्हणतील, साठ मुलांचा वर्ग, त्यात सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, रोजच्या रोज भरावयाची माहिती. मग हे केव्हा करावयाचे? त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून अधिकारी वर्गास माझी विनंती आहे की, या कामासाठी आणखी एक तक्ता, आणखी एक मासिक अहवाल मागवू नये. तो मागवला की घरी जाणारा निरोप पुन्हा वरच्या कार्यालयाकडे वळेल. शाळेला दूरध्वनीचा खर्च द्यावा, लिपिकाचे रिकामे पद भरावे आणि वर्गशिक्षकास रोज वीस मिनिटे मोकळी द्यावीत. साठांपैकी गैरहजर सहा-सात असतात; त्यांतले निम्मे का आले नाहीत हे बहुधा आधीच माहीत असते. उरलेल्या तीन-चार घरांशी बोलावयास वीस मिनिटे पुरतात.

तपासणी करावयाची तर सोपी रीत आहे. शाळेत गेल्यावर हजेरीपट पाहावा, त्यातील कोणतीही पाच नावे निवडावीत आणि त्या पाच घरी जाऊन विचारावे, “आपले मूल या वर्षी किती दिवस शाळेत गेले नाही?” घरचे उत्तर आणि हजेरीपटातील आकडा जुळला, तर ती शाळा आपले काम करीत आहे असे समजावे. जुळला नाही, तर नोंदी कितीही सुवाच्य असोत, त्या घरी पोहोचलेल्या नाहीत. ग्रामसभेतही मुख्याध्यापकांनी वर्गवार उपस्थितीचे आकडे, मुलांची नावे न घेता, वाचून दाखवावेत. गावाला रस्त्याचा आणि पाण्याचा हिशेब मागता येतो, तसा हाही मागता यावा.

मित्रहो, नववीतून गळालेले मूल एका दिवसात गळत नाही. आधी एक दिवस बुडतो, मग आठवडा, मग हजेरीपटावर लाल शाईची रेघ ओढली जाते. त्या पहिल्या दिवशी दुपारपूर्वी घरी निरोप गेला असता तर बहुधा दुसरा दिवस बुडाला नसता. उद्या सकाळी आपापल्या शाळेत हजेरी होईल. ती झाल्यावर जी तीन-चार नावे उरतील, त्या घरी तेवढे कळवावे, एवढीच माझी आपल्या सर्वांना नम्र विनंती आहे.